पान उघडत नाही, म्हणजे जमलं

९ एप्रिल २००७
आई ओतूरच्या बाजारातून फणफणत आली. शेजारची बयाबाई भर बाजारात म्हणाली, "आरतीचं जमलं आन् सांगितलं बी न्हाई व्हय, साळुबाई?" कुणाशी जमलं? मलाही तेच विचारायचंय!

संध्याकाळी उलगडा झाला. भगवंतकाकांच्या वधू-वर साइटवर माझं पान उघडत नाही. 'पान सापडले नाही' एवढंच येतं. साइट मी सांभाळते. जानेवारीत नव्या सर्व्हरवर हलवली तीही मीच. शाब्बास!

१० एप्रिल
माझं एकटीचं नाही — एकशेबारा पानं. नव्या पत्त्यांत नुसते नंबर आहेत. जुन्यांत काकांच्या हट्टापायी मराठी नावं होती. "आपली मानसं, आपल्या अक्षरात!" पण वेबच्या पत्त्यात मराठी अक्षर सरळ बसत नाही, टक्क्याच्या चिन्हांत (%) लिहिलं जातं. टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार... एका अक्षराचे तीन-तीन तुकडे. माझं पूर्ण नाव दोन ओळी खातं. काकांनी ते तसंच्या तसं बायोडाटांवर छापून गावोगाव वाटलं.

आता सर्व्हरला नियम लिहून द्यायचा — जुना पत्ता आला की नव्यावर पाठव. दहा मिनिटांचं काम.

१४ एप्रिल
दहा मिनिटं संपली नाहीत.

काका मात्र खुशीत. "लोक म्हनत्यात, पान काढलं म्हंजी सोयरीक झाली. लई जमली की औंदा!" म्हटलं, काका, बिघाड आहे. "आसू दे, नाव तर व्हतंय!"

२१ एप्रिल
टक्के एकेक मोजून नियम पुन्हा लिहिला. चालत नाही.

२ मे
काकांची खुशी उतरली. लग्नसराई ऐन भरात आणि कुणाचा फोन नाही. "समद्यांचं जमलंय म्हनल्यावर कोन इचारनार?" असं माझ्यावरच ओरडले.

मलाही तीन महिन्यांत एकही स्थळ नाही. पोहे नाहीत, "मुलगी कॉम्प्युटरवर नेमकं काय करते?" नाही. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सत्ताविसावं सरत आलं. रडू आलं. सर्व्हरच्या नावाने रडून घेतलं.

६ मे
साइटवर मेल! कुणी आदेश, कळंबचा. "जुनी पानं उघडत नाहीत. तुम्ही नियमातही टक्केच लिहिले असतील. सर्व्हर ते आधीच उलगडतो, मग नियमाशी जुळवतो. सरळ मराठीत नाव लिहून बघा."

सरळ मराठीत! महिनाभर मी टक्के मोजतेय आणि त्याला नुसतं 'आरती' हवं होतं.

७ मे
चाललं!! एकशेबाराच्या एकशेबारा. काकांनी पेढे आणले — माझ्यासाठी म्हणे, पण निम्मे त्यांनीच खाल्ले.

८ मे
आदेशचं पानही आपल्याकडेच आहे. एकोणतीस. पुण्यात नोकरी. अपेक्षा: 'मुलगी आपलं काम आवडीने करणारी असावी.' एवढंच. रंग नाही, उंची नाही!

पान चार वेळा वाचलं. मग आभाराचा मेल टाकला. शेवटी सहज विचारलं, तुम्ही कुणाचं पान बघत होता? सहज!

९ मे
उत्तर नाही. सहा वेळा मेल पाहिला. आई म्हणते, "काय गं, लई काम व्हय?"

१२ मे
उत्तर आलं. "तुमचंच बघत होतो, फेब्रुवारीत. उघडलं नाही. घरचे म्हणाले, जमलं असंल. गेल्या महिन्यात माझा साखरपुडा झाला. परवा माझं पान काढायला सांगावं म्हणून उघडलं, तेही उघडेना, तेव्हा बिघाड कळला. आता माझं पान काढाल का?"

काढलं.