ज्याचा त्याचा नमस्कार

वांकानेर, गुरुवार

प्रिय झरणा,

सगाई मोडल्यापासून तू सुरतहून घरी आली नाहीस. फोनवर ‘बरी आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसलोय, निदान मधेच तोडता तरी येणार नाही.

तुला कुणी सांगितलं नसेल, पण त्या दिवसांत मीही दुकानात मागच्या गल्लीने जायचो. शेवटी तुझी मम्मी वैतागली. “गावाचे वजनकाटे सरळ करता, आणि तुमचं तोंड का एवढं खाली? उद्यापासून समोरून जायचं. भेटेल त्याला आधी तुम्ही नमस्कार करायचा. रोज!”

आता काटे दुरुस्त करायला मी कुणाकडे शिकलो नाही, खोलून-जोडून शिकलो. हातात घेतलेलं काम मी अचूकच करतो. तेव्हा ज्याचा त्याचा नमस्कार आधी मनात घोकला. कांतिलाल शेठना ‘जय जिनेंद्र’, रमणिककाकांना ‘जय स्वामिनारायण’, दूधवाल्या जीवाभाईला ‘जय माताजी’, कासमभाईंना सलाम. आणि पहिल्याच सकाळी गडबडून रमणिककाकांनाच ‘जय जिनेंद्र’ घातला! काका ओट्यावरून ओरडले, “अरे किरीट, या वयात मला जैन करून माझा बटाटा बंद करतोस की काय?” सगळा ओटा हसला. मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

पुढे काही सकाळी जीभ उचलायची नाही. तरी करायचो. मन लागलं म्हणून नमस्कार केला, असं कधी झालं नाही. नमस्कार करत राहिलो, मन सावकाश मागून आलं. आता मला उशीर झाला तर जीवाभाई वाट बघत थांबतो आणि वर टोमणा मारतो, “काय शेठ, आज गादी सोडवेना?”

आता मुद्द्याचं. नमस्कार झाला की लोक थांबायचे, विचारायचे. का मोडलं? कुणी मोडलं? मी प्रत्येकाला तेच सांगितलं, “मुलगा खोटं बोलला, माझ्या मुलीने नाही म्हटलं.” रोज मान वर करून सांगितलं. हळूहळू विचारणं आटलं. तू रस्त्याने चालशील तेव्हा तुला कुणी अडवू नये, एवढ्यासाठी मी ते सगळं आधीच माझ्या अंगावर घेऊन संपवलंय. काल रमणिककाका म्हणाले, “नवरात्र आली. आमची झरणा गरब्याला दिसणार ना?” गावात आता एवढा एकच प्रश्न उरलाय, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. ते तू येऊन दे.

तुझी वाट बघणारा, तुझाच
पप्पा