सातवी सही

२२ एप्रिल २०१९, सोमवार

आज परत आला तो भारत! मोटारसायकलला निळा डबा बांधलेला, आणि वेळ बरोबर सकाळी दूध घालायची. दूध केंद्रावर बायका जमलेल्या असतात हे त्याला चांगलं माहीत. गुडघेदुखीच्या गोळ्या वाटतो — फुकट! वरून दर पंधरा दिवसांनी दंडातून रक्त काढून नेतो. इथं टँकरच्या दोन घागरींसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, आणि ह्याला आमच्या गुडघ्यांची एवढी काळजी कावून?

"कुठल्या योजनेतून हाय हे?" मी विचारलं. "बीडच्या संस्थेचं हाय ताई, मोठ्या डॉक्टरांचं," म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात काहीतरी आहे.

माझी धाकटी जाऊ साखराबाई पण घेते त्या गोळ्या. त्याच्या कागदावर अंगठा कशाला दिलास विचारलं तर म्हणते, "चारा छावणीच्या यादीला दिला की!" धन्य! त्या दिवशी मी केजला गेलते. दूध सोसायटीची सचिव, म्हणजे मी, गावात नाही बघून छावणीची यादी आणि ह्याचे कागद एकाच टेबलावर, एकाच शाईच्या पॅडवर!

मला कुणी असं गंडवून दाखवावं. दुधात पाणी घातलेलं मी कॅनचं झाकण उघडताच ओळखते. जानेवारीत बीडला डॉक्टर-वकिलांच्या बैठकीला मला बोलावलं होतं, गावाकडची शहाणी बाई पाहिजे म्हणून. शिरा झाला, चहा झाला, हजेरीची सही केली, चारच्या एसटीनं परत. उगीच नाही बोलावत कुणी.

२५ एप्रिल

साखराचे पाय सुजलेत. मी म्हणाले, बंद कर त्या गोळ्या. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "बाई, मधीच सोडलं तर छावणीतून म्हशी हाकलतील."

कुणी सांगितलं तुला? "कुनी न्हाई सांगितलं. पर अंगठा दिलाय न्हवं?"

दोन म्हशी आहेत तिच्या. त्यांच्या चाऱ्यासाठी ही बाई विष पण खाईल.

२६ एप्रिल

पाय तसेच. बोट दाबलं की खळगा राहतो.

२९ एप्रिल

भारतला रस्त्यात अडवलं. "छावणीचा न् आमचा काय संबंध न्हाई ताई! आईशप्पथ! कागदाची परत दिलीय त्यांना, बघा की." पायांचं सांगितलं तर म्हणे, उन्हानं असंल. खोटारडा!

ती प्रत सापडली — साखरानं रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेली. चार पानं, चक्क मराठीत. वाचत गेले आणि डोकं फिरलं. ही औषधाची चाचणी आहे म्हणे! काहींना खरी गोळी, काहींना नुसतीच दिसायला गोळी. कधीही सोडून देता येईल, कारण सांगावं लागणार नाही. पायांवर सूज आली तर लगेच कळवा. सगळं लिहिलंय! एका बाईला एक ओळ कुणी वाचून दाखवली नाही.

आणि कहर म्हणजे, वाचता न येणाऱ्यांसाठी एक साक्षीदार लागतो. "मजकूर माझ्यासमोर वाचून दाखवला" असं त्यानं लिहून द्यायचं. साक्षीदार कोण? आमच्या चेअरमन छबुबाई! त्यांना स्वतःच्या सहीपलीकडे एक अक्षर येत नाही!

३० एप्रिल

छबुबाईंच्या घरी जाऊन भांडून आले. ह्यात त्यांना काय मिळालं असेल, रात्रभर तोच विचार होता. त्या शेणानं भरले हात घेऊन तशाच उभ्या.

"अगं, तूच शिकीवली न्हवं सही? तू ठरावाचं पोसिडिंग बुक आनतीस, म्हनतीस इथं करा. मी करते. कधी इचारलं का काय लिव्हनार म्हनून?"

घ्या! सह्या आधी, ठराव मागून — हे सगळ्याच सोसायट्यांत चालतं. नाहीतर भर उन्हात अकरा बायका जमवायच्या कधी? ती गोष्ट वेगळी. आमच्या ठरावानं कुणाचे पाय सुजत नाहीत.

तोंडावर तसं म्हणाले पण. त्या आत निघून गेल्या.

३ मे

साखराला अंबाजोगाईला दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. ह्यावर नावच नाही म्हणाल्या. आजपासून बंद. मूत्रपिंडावर परिणाम झालाय, किती ते पुढच्या तपासणीत कळेल.

साखरा परत येताना जीपमध्ये एकच विचारत होती, "म्हशींचं काय?" मला रडू आलं. रागानं!

६ मे

कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे — ह्या चाचणीला बीडच्या संस्थेच्या नैतिकता समितीनं मंजुरी दिलेली आहे, तक्रार तिथं करावी. म्हणजे आमच्या बायकांचं भलंबुरं बघायला माणसं बसवलेली होती! आणि त्यांनी काय बघितलं? ह्यांना नक्की काहीतरी पोचलेलं असणार.

अर्ज लिहिला. "समितीच्या सर्व सदस्यांस" असं वर ठसठशीत घातलं. आपण काय वाचून मंजुरी दिलीत? एकानं तरी विचारलं का, की ह्या बायकांना वाचता येतं का? खाली माझी सही, नेहमीसारखी, दोन टिंबांसकट.

बुधवारी बीडला साखराला घेऊनच जाणार. तिचे पाय बघू देत त्यांना.

८ मे, बुधवार

संस्थेच्या ऑफिसातल्या बाबूनं समितीच्या जानेवारीच्या बैठकीचा कागद काढून दिला. गुडघ्याच्या गोळीच्या चाचणीस एकमतानं मंजुरी. कुणाचीही हरकत नाही. खाली सात सह्या. सातवीपुढं लिहिलंय — समाजातील सामान्य सदस्य. त्या सहीखाली दोन टिंबं.

"सह्या आधीच घेतो ताई, मजकूर मागून लिहितो," बाबू म्हणाला.

साखरा बाहेर बाकावर पाय पसरून बसली होती. "काय म्हनले बाई? कोनी केलं हे?"

अजून सांगितलेलं नाही.