तीन नंबरचा ग्लास

अहो, नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुम्हीही असाल, खोकला सोडून.

नातजावई पितो असं कानावर आलं, म्हणून नातीला घरी आणायला मी इथे आले होते. ते तूर्त राहिलं. तो बियरच्या कारखान्यात चव घ्यायच्या कामाला आहे. थंडीत म्हणे मसाले घातलेली निराळी बियर निघते. रविवारी घरीही सरावाला टेबलावर सहा ग्लास मांडतो, खाली नंबराच्या चिठ्ठ्या. एकेक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकतो आणि मार्क देतो. थुंकायचा पगार कोण देतं? मला वाटलं, सोंग असणार. तो पाव आणायला उठला तशी मी तीन आणि पाचची अदलाबदल केली.

एका घोटात म्हणाला, "आजी, तीन नंबर इकडे कुठे आला? लवंग त्याच्यातच आहे. वास घेऊन बघा."

नात हसून बेजार. मी वास घेतला. लवंग, सुंठ, गूळ, आणि त्यामागे आंबलेल्या पिठाचा वास. माझ्या चांगला ओळखीचा.

दर हिवाळ्यात तुमचा कंपाउंडर मित्र खोकल्याचा काढा आणून देतो, त्याचा हाच वास. "कडू आहे, तू नको घेऊस," म्हणत चाळीस वर्षं वरच्या फळीवर ठेवता तो. उन्हाळा लागला की काढाही संपतो आणि खोकलाही.

मांजरीला दूध घालता ना? वेळेवर जेवा. बाटली मात्र धुऊ नका, मी शनिवारी येतेय.

तुमचीच,
आजवर भोळी