दोन स्पीकर अन् घड्याळातला सेल

बाबा, काल तुमची लय आठवण आली. रोज येते असं खोटं सांगत नाही, घरात कामं काय कमी आहेत, पण काल आली तं जाऊनच नाही राहिली. तुमी माझ्या नातीले पाह्यलं नाही. माझ्या पोराची पोरगी, इथं अमरावतीले कॉलेजात शिकते अन् बेस गिटार वाजवते. चार जाड तारांची गिटार असते ती, आवाज कानापेक्षा पोटातच जास्त जाते. तिची लाकडाची पेटी आहे, कॅबिनेट म्हणतात, माझ्या कमरेएवढी उंच, वर एक स्पीकर, खाली एक. जुनीच घेतलेली. खालच्या स्पीकरचा आवाजानं हालणारा कागद फाटला अन् वाजवताना फरफर कराले लागला. पोरीनं अकोल्याहून नवा स्पीकर आणला, पण इथला मिस्तरी म्हणे चार दिवसांनी ये, अन् कॉलेजची गॅदरिंग तं दुसऱ्याच दिवशी. मी म्हणलं, आण इकडे, मी बसवून देते. ती हसली. “आजी, हे मिक्सरचं भांडं नाही होय!” आता तिले काय सांगावं, चौथीनंतर माझी शाळा म्हणजे तुमचं अकोल्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकानच होतं.

आई म्हणे, पोरीले दुकानात कशाले बसवता. तुमी म्हणत, “तिची बोटं बारीक आहेत, माझ्याहून सरळ कागद चिकटवते.” ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे, तुमाले माहीत नसन. एक दिवस तं अजून डोळ्यापुढे आहे, मी दहा-अकरा वर्षांची आहे, जयंती दोन दिवसांवर आली आहे, वस्तीत लावायच्या स्पीकरच्या सहा पेट्या माझ्या पुढ्यात आहेत. गोंदानं हात चिकट झाले आहेत. मी तारा जोडते अन् म्हणते, झालं बाबा. तुमी चहाचा कप खाली ठेवता.

“सेल लावून पाह्यला?”

“नाही.”

“मंग झालं काहून म्हणते? पेटीचं तोंड पाहून आवाज समजते का तुले?”

सगळ्या पेट्या पुन्हा घ्याव्या लागल्या. टॉर्चमधला सेल काढून तारांना टेकवायचा अन् कागद बाहेर येते का आत जाते ते पाहायचं. पेटीतल्या दोन्ही स्पीकरचे कागद बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर अन् एक आत जात असला, तं दोघं मिळून जाड आवाज खाऊन टाकतात, नुसता चिरका उरते. त्या दिवशी मी रडली, मंग तुमी गरम भजे आणले अन् मिरच्या सगळ्या स्वतः खाल्ल्या.

तं परवा दुपारी मी तो स्पीकर बसवला. स्क्रू पिळले, दोन तारा जोडल्या, वरून फडक्यानं पुसलाही. शेजारीण पाहाले आली होती, तिच्यासमोर जरा जास्तच ऐटीत. पण बाबा, सेल नाही लावला.

काल सकाळी नातीनं गिटार जोडली तं आवाजात जीवच नाही. दोन्ही स्पीकर वाजत होते, पण असे वाजत होते का कोणी रिकाम्या डब्यात बोलून राह्यलं. तेवढ्यात तिच्यासोबत वाजवणारे पोट्टे सामान न्याले आले. एकानं ऐकलं अन् म्हणला, “जाऊ दे ना, बेस मोबाईलवरून लावू. तू फक्त गिटार घेऊन उभी राह्य.”

“उभी राहू? न वाजवता?”

“लोकायले काय समजते!”

नातीनं गिटार खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलाले बसली. बाबा, ही पोरगी लसणाले कधी हात लावत नाही. रडली असती तं मले बरं वाटलं असतं.

मी स्टूल घेतला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला अन् पेटीपुढे बसली. जाळी काढली, मागून, वायर लागते तिथं, सेल टेकवला. वरचा कागद बाहेर आला. खालचा आत गेला. कारण लगेच समजलं. पेटीतल्या दोन्ही तारा काळ्या, त्यातल्या एकीले गाठ. तुमच्या दुकानात गाठ म्हणजे वजाची, मायनसची तार, मी डोळे मिटून तशीच जोडली. या पेटीवाल्यानं गाठ अधिकच्या तारेले मारली होती. आता दुनियेतल्या सगळ्या मिस्तऱ्यायनं तुमाले विचारून गाठ मारली असन असं मी कसं धरून चालली, काय माहीत. तारा उलट्या केल्या, पुन्हा सेल लावला. दोन्ही कागद एकदमच बाहेर आले. मी तिले हाक मारली. तिनं एकच तार छेडली अन् फळीवरचे मसाल्याचे डबे हालले. सून आतून ओरडली, “घर पाडता का दोघी मिळून!”

संध्याकाळी गॅदरिंगले मले पहिल्या रांगेत बसवलं. मले त्यायचं गाणं काही समजलं नाही, पण नातीच्या गिटारचा आवाज खुर्चीतून वर आला, छातीत लागला, अन् मी पहिल्यांदा निवांत श्वास घेतला. उभी राह्यली नाही नुसती, वाजवत होती. नंतर तोच पोट्टा आला, पाया पडला, म्हणे, “उस्ताद आजी, मानलं तुमाले!” तेव्हापासून घरात सगळे उस्तादच म्हणून राहिले, दूधवालासुद्धा.

हे पत्र नातीच्या हाती लागू देणार नाही. तिनं विचारलं होतं, काय झालं होतं आजी. मी म्हणलं, नव्या स्पीकरवर कंपनीनं अधिकची लाल खूण उलटी मारली. चूक माझी होती, बाबा, तिले अजून सांगितलं नाही. सांगीन. पण चार-सहा दिवस जाऊ द्या, मले आजवर कोणी उस्ताद म्हणलं नव्हतं.