तिच्याच आवरणात

३ जून
निवृत्तीनंतर पुन्हा प्रयोगशाळा! पुतणी इथे तंत्रज्ञ आहे. सल्लागार म्हणून माझे नाव तिनेच सुचवले आणि स्वतःच्या घरातली वरची, भरपूर उजेडाची खोलीही मला दिली. वाद हवा तेवढा घाला काका, पण चहा थंड करायचा नाही, असा आल्याआल्या दमही भरला.

९ जून
पुतणीशी विषाणूंच्या आवरणावर बोलणे झाले. पेशीतून बाहेर पडताना विषाणू तिच्याच पटलाचा तुकडा पांघरतो. त्यातली प्रथिनेही त्याच्या अंगावर येतात. म्हणजे चोर घरमालकाचाच कोट घालून निघतो, असे ती म्हणाली. नेमके. मग त्या घरमालकाचे शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही. म्हणूनच स्वतःच्या वा सहकाऱ्याच्या रक्तपेशींत विषाणू वाढवण्यास इथे सक्त मनाई आहे.

१४ जून
मागवलेल्या पेशी वाटेतच मेल्या. काम अडू नये म्हणून तिने बाही वर केली. मी युक्तिवाद रचला: विषाणू दुबळा केलेला आहे, शिवाय तो मीच हाताळीन, ती नाही, म्हणून धोका नाही. पहिलं ठीक, दुसरं तपासलंत का, काका, असे तिने हसत विचारले. मी सुई टोचून तिचे रक्त घेतले.

२० जून
माझी पाठ धरली होती. ज्यात विषाणू वाढवला ते काचसामान तिने धुतले. नळी तडकली, बोट कापले. एवढ्याने मरत नाही मी, म्हणाली.

२४ जून
ताप उतरत नाही. डॉक्टर चक्रावले आहेत: शरीर लढतच नाही. शत्रूच्या अंगावर तिचाच कोट आहे, हे मी सांगायला हवे होते. पदाचा विचार केला. गप्प बसलो.

२७ जून
आज सांगितले. उशीर केलात, असे डॉक्टर म्हणाले.
भर दुपारी घरी परतलो. जिन्यावर तिची पावले. दाराबाहेर चहा, वाफाळता. रुग्णालयात फोन केला. ती खाटेवरच आहे.

२९ जून
दाराबाहेर तिचा आवाज. चहा थंड करायचा नाही. एवढ्याने मरत नाही मी. तिने मला ऐकवलेली वाक्ये, तेवढीच. तिच्या आईचे नाव विचारले — शांतता. आवरण तिचेच. आत —

१ जुलै
फोन आला. गेली.
पुन्हा पावले.
आवाज तिचा, म्हणून ती तीच — हे सिद्ध होत नाही. तिचे शरीर याच तर्कात फसले. मी फसणार —
दाराबाहेरून: दुसरं तपासलंत का, काका?
नाही, बाळ. नाही तपासलं.
कडी मीच काढतो आहे —