आपल्या मशीनवरचा रेनकोट

रविवार, दुपारची सुट्टी

ताई,

तुला लांबूनच वाकून नमस्कार. लांबून बरा पडतो, पाठीत धपाटा बसत नाही. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, अंगावर थोडं मांसही चढलंय. बाबांचे डोळे, भाऊजींचं पोट आणि तुझा राग कसा आहे ते कळव.

तुझं पत्र मिळालं. केवढंसं ते. ‘बाबा महिनाअखेरीला दुकान भाडेकरूला द्यायचं का ते ठरवणार आहेत. तू येऊन बसणार आहेस की नाही, एका शब्दात कळव.’ खाली सही. लाइट कापायची नोटीस पण याच्यापेक्षा गोड असते. सांगतो, एका शब्दातच सांगतो, पण तो शब्द पत्राच्या तळाला आहे. आधी दुसरं सांगू दे, नाहीतर पोट फुटेल माझं. फोनच केला असता, पण फोन दुकानात आणि बाबा त्याला कान लावून बसलेले.

तर ऐक. रेनकोटमधली गाणारी बाई ही बाई नाहीये. बाप्या आहे.

बस खाली. पाणी पी.

तुला ते वर्ष आठवतं ना, तुझ्या कॉलेजचं शेवटचं? भाऊजी तेव्हा भाऊजी नव्हते, नुसता ‘तो कॅसेटवाला’ होते. त्या एका वर्षात एवढे भारी अल्बम आले की बिचाऱ्याचा सगळा खिशातला पैसा कोऱ्या कॅसेटींत गेला. मित्राच्या टेपच्या मशीनवर भरायचा आणि तुला आणून द्यायचा. वरचं चित्र कसं होतं ते तोंडी सांगायचा, तू बॉलपेनने काढायचीस. त्यामुळे खरी नावं मला आजतागायत माहीत नाहीत. माझ्यासाठी ते रेनकोट, तीन कावळे आणि बुडालेली खुर्ची. बाबा म्हणायचे, मांडणीवरून भांडी पडतायत तर उचला तरी कोणीतरी. इथे आल्यावर कळलं, त्या भांड्यांना अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात.

इथे हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी चादरींवर आहे. चादर दोघांनी धरायची, समोरासमोर उभं राहायचं, टोकाला टोक, पुढे यायचं, मागे जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं लग्नाआधीची जोडी नाचतेय. माझा जोडीदार लंबू, त्याच्यापुढे माझे हात कायम वर. आमच्यात एक रीत आहे. जी जोडी पहिली ट्रॉली भरेल, त्या दिवशी तिच्या पसंतीचा अल्बम. अख्खा लावायचा, मधलं गाणं गाळायचं नाही. मशीन आणि कॅसेटी बॉयलरवाल्याच्या. तो वाफ सांभाळतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. त्याच्याकडे ते अख्खं वर्ष आहे, दुकानातून विकत घेतलेलं.

आम्ही पहिल्यांदा जिंकलो तेव्हा मी त्याला वर्णन करून सांगितलं, बाकावर एक पिवळा रेनकोट पडलाय आणि आत माणूस नाही. तो म्हणाला, कळलं. लावला. ताई, मला वाटलं बॅटरी उतरलीये. गाण्याला ताप आल्यासारखं चाललेलं. मग आवाज लागला, आणि चक्क पुरुषाचा. माझ्या हातातलं टोक सुटलं, लंबू चादरीसकट मागे गेला. मी बॉयलरवाल्याला छातीठोक सांगितलं, तुझं मशीन हळू पळतंय, उघड, आमचं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान आहे. तो शहाणा, दुसरं मशीन घेऊन आला. त्यातही तोच बाप्या, तसाच सावकाश. सगळी लॉन्ड्री हसत होती. मुकादमबाईंनी तर मला ‘आम्हाला ती बाई वाटायची’ हे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायला लावलं.

म्हणजे आपलंच मशीन जोरात पळायचं, आणि टेप जोरात पळाली की आवाज बारीक होतो. एवढी वर्षं. त्याच्या मोटरला टाकलेली ती जाड पुली आठवतेय ना? तिचाच हा प्रताप. आपण ते अख्खं वर्ष धावत ऐकलं, ताई.

आणि भाऊजींना विचार जरा. त्यांनी मित्राकडे नीट ऐकलेलं होतं. आपल्या घरी बसून, चहा पीत, तू ‘काय गाते ना ही’ म्हणालीस तेव्हा मान डोलवत होते. लग्न ठरेपर्यंत एक शब्द नाही आणि ठरल्यावर तर नाहीच. असा मनुष्य जन्मभर कामाला येतो, जपून ठेव.

आता यातून पुढे काय झालं बघ. माझा सगळा हात त्या मशीनच्या वेगावर बसलेला, दुकानातल्या रिकाम्या डब्यांवर वाजवून वाजवून. इथल्या स्टाफच्या बँडचा ड्रमवाला सोडून गेला तेव्हा बॉयलरवाल्याने मला बसवलं. पहिल्याच दिवशी गिटार थांबवून म्हणाला, “तुला गाडी पकडायचीये का कुठली?” मी हळू वाजवायचा प्रयत्न केला, पण दोन ओळी झाल्या की हात सुटतातच. महिनाभर शिव्या खाल्ल्या. शेवटी गाणाऱ्या मुकादमबाई वैतागून म्हणाल्या, “एकदा याच्या चालीने होऊनच जाऊ दे. मेलो तर मेलो.” कॅन्टीनमध्ये वाजवलं. आचारी हातातले झारे घेऊन बाहेर आले आणि परत आत गेले नाहीत. कसला तरी रस्सा करपला. आता आम्ही रेनकोट अख्खा वाजवतो, आपल्या मशीनच्या वेगाने, आणि गाते ती खरोखरची बाई.

त्या वर्षातला एक नंबरचा कोणता, यावर इथेही आपल्यासारखीच भांडणं होतात. लंबू खुर्चीच्या बाजूने, बॉयलरवाला रेनकोटच्या. मी आयुष्यभर रेनकोट म्हणालो आणि तू कावळे म्हणालीस म्हणून तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. आता खऱ्या वेगात सगळे ऐकले. ताई, कावळेच. शेवटच्या गाण्यात गिटार थांबतं आणि नुसता श्वास ऐकू येतो ना, तो आपल्या मशीनवर कधी कळलाच नव्हता. तुला कसा कळला देव जाणे. रेनकोट फक्त आपल्या मशीनवर भारी होता.

तळ आला.

नाही.

येणार नाही. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं नोकरी सोडतोय, लंबू गाडी चालवणार. एक जुनी व्हॅन घेतलीये, गावोगावच्या छोट्या हॉलमध्ये वाजवत फिरायचं. चालेल का आपटेल, मला ठाऊक नाही. आपटलं तर चादरी आहेतच, त्यांच्या घड्या मी झोपेतही घालतो. पण दुकानाच्या त्या स्टुलावर माझ्याच्याने बसवणार नाही. सोल्डरचा एक टाका लावेपर्यंत दहादा पाणी प्यायला उठायचो, तूच मोजायचीस.

आणि आता तू जे लिहिलं नाहीस त्याबद्दल. माझं विचारलंस, भाडेकरूचं लिहिलंस. स्वतःचं एक अक्षर नाही. बाबांनी ते मशीन भंगारात टाकलं होतं. तू ते काढलंस, दुसऱ्यातली पुली काढून त्यात बसवलीस. मी टॉर्च धरून उभा होतो. ते सुरू झालं तेव्हा तू माझ्या तोंडावर हात ठेवलास, मी ओरडू नये म्हणून. बाबा आले, मशीन वाजताना पाहिलं आणि आपणच कधीतरी नीट केलं असणार असं समजून गिऱ्हाइकांना वर्षभर सांगत सुटले. तू नुसती हसलीस. जोरात पळतं, पण त्यानंतर एकदाही बंद पडलेलं नाही. आणि बाबांचे डोळे कमी झाल्यापासून सेट कोण उघडतंय? लोक म्हणतात बाबांचा हात लागला. हात तुझा असतो.

तुला ते दुकान हवंय, ताई. मी नाही म्हटल्याशिवाय बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत, आणि मला डावलून तू मागणार नाहीस. म्हणून सोबत वेगळी चिठ्ठी जोडलीये, बाबांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात. ती तू वाचू नकोस, भाऊजींना मोठ्याने वाचायला लाव. गप्प बसल्याची भरपाई म्हणून.

त्यात एवढंच आहे: ‘बाबा, मी येत नाही. दुकान ताईला द्या, भाड्याने देऊ नका. ते मशीन तुम्ही नाही, तिने सुरू केलं होतं. टॉर्च मी धरला होता.’

चिडतील. चिडू देत, मी लांब आहे. संध्याकाळपर्यंत मशीन लावून भांड्यांच्या नावाने ओरडायला लागतील, तेव्हा समजायचं की निवळले.

एक मागणं आहे. आता मालकीण झालीस की सगळ्यांची मशीनं नीट वेगावर आणशील, मला माहीत आहे. आपल्या मशीनची पुली तेवढी बदलू नकोस. व्हॅन कधीतरी तिकडून जाईलच. तेव्हा खाली बसून तुझ्यासोबत एकदा ती बाई ऐकायचीये.

दुकानाच्या मालकीणबाईंना,
टॉर्च धरणाऱ्याकडून.