वृत्तांतातून खोडलेल्या दोन ओळी

ता. ९ नोव्हेंबर, सोमवार

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस, एवढंच आधी सांगते. वहिनींचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. निवृत्त झाले तरी विधानसभेचं कार्यालय मला सोडत नव्हतं. सभागृहातलं बोलणं टिपायला नवीन प्रतिवेदक घेतलेत, त्यांना लघुलिपी शिकवायला आठवड्यातून दोनदा जात होते. पोरी हुशार आहेत, पण ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस दांडगी. मी त्या वयाची होते तेव्हा तू मला हेच म्हणायचास.

गेल्या आठवड्यात त्यांतल्या एकीने विचारलं, "बाई, एकच सदस्य विरोधात बोलला तर तेही लिहायचं?" मी म्हटलं, "कानावर पडेल ते सगळं लिहायचं." बोलून गेले आणि समोरची वही मिटून ठेवली. त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

छापखानेवाले गेले त्याला महिना झाला. तुझे शाळेपासूनचे मित्र, आणि त्यांच्या अंत्ययात्रेला तू फाटकाबाहेर उभा होतास. मी पाहिलं. आत यायचा तुला धीर झाला नाही, आणि तुझ्याजवळ यायचा मला.

दादा, आता आडपडदा ठेवत नाही. कोठडीचा कायदा आला त्या दुपारी तू सदस्यांच्या बाकावर होतास आणि मी तुझ्यापासून दहा हातांवर, अध्यक्षांसमोरच्या टेबलाशी लिहीत होते. चौकशीशिवाय कुणालाही वर्षभर आत ठेवायचा अधिकार सरकारला द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. आवाजी मतदान झालं. "होय"ने छत दणाणलं. मग तू एकटा उभा राहिलास आणि "नाही" म्हणालास. मतविभागणीही मागितलीस. ती झाली असती तर दारं लावून प्रत्येकाचं नाव आणि मत लिहावं लागलं असतं. अध्यक्षांनी मान वर केली नाही. पुढचा विषय पुकारला.

नंतर तू पत्राने विचारलंस, "तुला तरी ऐकू आलं होतं ना?" मी एका ओळीत कळवलं, "गोंगाट फार होता."

गोंगाट नव्हता. मला स्वच्छ ऐकू आलं होतं, मी लिहिलंही होतं. संध्याकाळी मुख्य प्रतिवेदक म्हणाले, "बाकी कुणाच्या वहीत हे नाही. बहिणीच्याच वहीत कसं काय?" नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. भावाची तळी उचलते असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्या दोन ओळी खोडल्या. छापून आलं, "एकमताने संमत."

पहिल्याच आठवड्यात छापखानेवाल्यांना उचललं. अकरा महिन्यांनी सुटले तेव्हा तू भेटायला गेलास, तर त्यांनी वृत्तांताचं छापील पान तुझ्यापुढे धरलं आणि दारातूनच परत पाठवलं. तू शपथा घेतल्यास म्हणे. पण मला साक्षीला ओढलं नाहीस. याची मला फार लाज वाटते.

शुक्रवारी मी सचिवांकडे लेखी जबाब दिला, वृत्तांत दुरुस्त करावा म्हणून. कारकुनाने विचारलं, "त्या सदस्यांशी आपलं नातं?" तेहतीस वर्षं ज्या प्रश्नाला भ्याले, तो एवढासाच निघाला. "सख्खा भाऊ," म्हटलं. दुरुस्ती होईल की नाही सांगता येत नाही. वर्गाला यापुढे येऊ नका असा निरोप मात्र आलाय. ते बरोबरच आहे.

काल जबाबाची नक्कल घेऊन छापखानेवाल्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमचे भाऊ खरं बोलत होते. मग आता हे मी कुणाला सांगू?"

तुझ्याकडे क्षमा मागायचं तोंड मला नाही. दुसरी नक्कल सोबत जोडली आहे, पण ती टंकलेली आहे. म्हणून माझ्या हाताने एकदा लिहिते. तू "नाही" म्हणालास. मी ऐकलं.

तुझी धाकटी बहीण